हाताखालचं माणूस

शहराच्या कडेला, गोदामांच्या रांगेत एक मोठी लाँड्री होती. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल तिथे धुवायला येत. खाली धुलाईची यंत्रं आणि वरच्या मजल्यावर इस्त्रीचा हॉल. हॉलच्या मधोमध एक लांबलचक तापलेला रूळ दिवसभर फिरत असे. एका बाजूने दोघीजणी ओलसर चादरीची टोकं ताणून ती रुळावर सोडायच्या, पलीकडे दोघी कोरडी झालेली चादर झेलून तिची घडी घालायच्या. या हॉलच्या प्रमुख बाईंना सगळे ताई म्हणत. वयाने मोठी असलेली माणसंही ताईच म्हणत, आणि वरच्या ऑफिसातले साहेबसुद्धा.

ताई त्याच रुळावर चादरी झेलत वर आलेल्या. कुणाचं मूल आजारी आहे, कुणाची सासू कटकट करते, कुणाच्या नवऱ्याचं काम सुटलंय, सगळं त्यांना ठाऊक असे. हॉलमधल्या कुणाची चूक झाली तर साहेबांसमोर त्या "माझंच लक्ष नव्हतं" म्हणून मोकळ्या होत. धुलाईवाले कुरकुरत, "इस्त्रीवाल्यांची मजा आहे, त्यांना ताई आहेत." हे ताईंच्या कानावर यायचं, आणि त्यांना ते ऐकायला आवडायचं.

त्यांच्या हाताखाली एक बाई होती. तिचं चालणं तुरुतुरु, म्हणून तिला सगळे तुरतुरी म्हणत. घरी तिची एक मुलगी आणि आई. हात चलाख होताच, पण चलाख हात हॉलमध्ये आणखीही होते. तुरतुरीचं वेगळेपण हे की ती जिथे उभी असेल तिथे भांडण टिकत नसे. चादरी झेलणाऱ्यांत एक बाई होती, जिभेमुळे तिचं नाव पडलं होतं करवत. ट्रॉल्या ओढणाऱ्या किडकिडीत माणसाला सगळे गमतीने पैलवान म्हणत. या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ट्रॉली उशिरा आली की करवत त्याच्या सात पिढ्या उद्धरायची आणि पैलवान मग मुद्दाम पुढची ट्रॉली आणखी सावकाश आणायचा. अशा वेळी तुरतुरी मध्ये येऊन म्हणायची, "अहो, तुमचं लग्न लावून टाकू का एकदाचं? म्हणजे घरी भांडाल, इथे काम तरी होईल." करवतीला हसू यायचं, पैलवान लाजायचा, ट्रॉली हलायची. ताई त्यांच्या टेबलापाशी उभ्या राहून हे बघायच्या आणि निर्धास्त आपल्या कामाला लागायच्या.

एके दिवशी साहेबांनी ताईंना वर बोलावलं. नदीपलीकडे कंपनीची नवी लाँड्री सुरू होणार होती.

"तिकडच्या इस्त्रीला प्रमुख लागेल," साहेब म्हणाले. "माझ्या डोळ्यासमोर तुमची तुरतुरी आहे. तुमचं काय मत?"

ताईंच्या डोळ्यासमोर मात्र तुरतुरीशिवायचा हॉल उभा राहिला. करवत ओरडतेय, पैलवान रुसून कोपऱ्यात बसलाय, इस्पितळाची गाडी खाली भोंगा वाजवतेय.

"कामाला वाघ आहे," त्या म्हणाल्या. "पण माणसं सांभाळणं वेगळं, साहेब. ते तिला अजून जमायचं नाही. राहू दे आणखी थोडी माझ्या हाताखाली."

"तुम्ही म्हणता तर तसं."

बस, एवढंच. जिना उतरेपर्यंत ताईंनी स्वतःला समजावलंही होतं. तिचं लेकरू लहान आहे, नदीपलीकडे जायला दोन बस बदलाव्या लागतात, नव्या जागेची जबाबदारी म्हणजे डोक्याला ताप. तिच्याच भल्याचं झालं. हॉलमध्ये शिरताच तुरतुरीने लांबून विचारलं, "ताई, काय म्हणत होते साहेब?"

"काही नाही गं, नेहमीचंच," ताई म्हणाल्या आणि उगाचच चादरींचा गठ्ठा मोजायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात बातमी फुटली. नव्या जागेसाठी बाहेरून एक माणूस घेतला होता. साहेबांनी तुरतुरीला बोलावून तसं सांगितलंही. जेवणाच्या सुट्टीत ती ताईंच्या टेबलापाशी आली. हातात चहाचे दोन कप होते.

"माझं नाव निघालं होतं म्हणे," ती म्हणाली. "नाही झालं. साहेब म्हणाले, मला माणसं सांभाळता येत नाहीत."

ताईंनी कप हातात घेतला. चहा गरम होता तरी त्यांनी एक मोठा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली.

"वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही हो. तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकला असणार, मला माहितीय. तुमच्याविरुद्ध जाऊन त्यांनी ठरवलं असेल, तर काहीतरी असेलच ना माझ्यात कमी."

एवढं बोलून ती गेली असती तर ताईंनी तो दिवस कसाबसा ढकलला असता. पण ती बसून राहिली. मग म्हणाली, "ताई, मला शिकवा ना. मी कुठे चुकते सांगा. तुम्ही रोज बघता मला. माणसं सांभाळण्यात माझं काय चुकतं?"

ताईंना खरं बोलायची संधी अशी समोर वाढून आली होती. पण तोंड उघडलं तेव्हा वेगळंच बाहेर पडलं.

"तू फार हसतेस गं," त्या म्हणाल्या. "सगळ्यावर थट्टा करतेस. त्यामुळे माणसं तुला मनावर घेत नाहीत. प्रमुख म्हटलं की थोडी जरब पाहिजे."

तुरतुरीने मान डोलावली. "हो. असेल," ती म्हणाली. "आई पण म्हणते कधीकधी, पोरकटपणा सोड म्हणून. बरं झालं सांगितलंत. दुसरं कुणी सांगितलं नसतं."

आणि तिने ताईंचा रिकामा कपही उचलून नेला.

त्या दिवसापासून ताईंच्या मनाला जे खायला लागलं ते थांबेना. पाप झाकायला माणूस पुण्य करतो म्हणतात, तसं त्यांनी सुरू केलं. तुरतुरीला रविवारची पाळी लावेनात. रुळाच्या गरम बाजूऐवजी तिला खिडकीजवळ अभ्रे मोजायला बसवलं. मुलीच्या शाळेत काही असलं की आपणहून सुट्टी द्यायच्या. हॉलमध्ये हे लपणार थोडंच. कुजबुज सुरू झाली. "ताईंची लाडकी" हा शब्द पहिल्यांदा त्या हॉलमध्ये ऐकू आला. तो ताईंनीही ऐकला आणि मान खाली घातली, कारण ज्या गोष्टीसाठी लोक तुरतुरीचा हेवा करत होते ती त्यांची मेहेरबानी नव्हतीच. ती लाच होती, आणि जिला देत होत्या तिला त्याचा पत्ताही नव्हता.

तुरतुरी तर पार बदलली. तिने हसणं सोडलं. करवत आणि पैलवान जुंपले की ती मध्ये यायची, पण आता कपाळाला आठ्या घालून. "कामाच्या वेळी आवाज नकोय," असं काहीतरी म्हणायची. ते तिच्या तोंडी इतकं विचित्र वाटायचं की करवत फिस्सकन हसायची आणि पैलवान म्हणायचा, "आली मोठी साहेबीण." तुरतुरी मग कानशिलांपर्यंत लाल व्हायची आणि गप्प बसायची. भांडणं वाढली. एकदा दोघांच्या वादात इस्पितळाच्या चादरी हॉटेलच्या ट्रॉलीत गेल्या आणि अख्खी गाडी परत आली. ताईंनी साहेबांसमोर नेहमीसारखं "माझंच लक्ष नव्हतं" म्हटलं. पहिल्यांदाच ते शब्दशः खरं होतं.

ज्या हॉलसाठी त्यांनी तिला अडवलं, तो हॉल त्यांच्या डोळ्यादेखत नासत होता. पण त्याचं त्यांना तेवढं वाटत नव्हतं. त्यांना दिसत होता तिचा चेहरा. आपण एक खोटं बोललो आणि ही बिचारी ते खरं करून दाखवायला बसली आहे.

ताईंच्या नवऱ्याचं केस कापायचं छोटं दुकान होतं, दोन खुर्च्यांचं. ताई संध्याकाळी कामावरून सुटल्या की तिथे थांबायच्या आणि दोघं मिळून घरी जायचे. त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. ताई रिकाम्या खुर्चीत बसल्या आणि आरशात न बघता म्हणाल्या, "अहो, समोरच्या दुकानाचा तुम्हाला राग नाही येत?"

समोरचं दुकान नवऱ्याच्याच हाताखाली शिकलेल्या माणसाने थाटलं होतं.

"येतो की," नवरा कंगवे पुसत म्हणाला. "निम्मी गिऱ्हाइकं पळवली मेल्याने. पण मान काय सफाईने भादरतो बघ. ती सफाई कुणाची?"

"त्याला जाऊ दिलं नसतं तर?"

"तर इथेच राहिला असता आणि मनातून मला शिव्या घालत लोकांच्या दाढ्या केल्या असत्या. वस्तरा हातात असलेल्या माणसाला नाराज ठेवू नये." तो हसला. मग त्याने ताईंकडे नीट पाहिलं. "काय झालंय?"

ताईंनी सगळं सांगितलं. साहेबांचं, चहाचं, हसण्याचं. नवऱ्याने कंगवे बाजूला ठेवले.

"पहिलं खोटं मी समजू शकतो," तो सावकाश म्हणाला. "धंदा करतो मी. पण ती विचारायला आली होती गं तुझ्याकडे."

"तेच तर," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी करवत त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातातला अभ्रा तिने टेबलावर टाकला.

"ताई, मी फटकळ आहे, तुम्हाला माहितीय. तुरतुरीला काय केलंत तुम्ही?"

"मी? मी काय करणार?"

"ते मला माहीत नाही. पण ती म्हणते, ताईंनी सांगितलंय हसायचं नाही. असं कुणी सांगतं का कुणाला? ती हसायची म्हणून मी त्या पैलवानाचं डोकं फोडलं नाही इतके दिवस."

ताई उठल्या आणि तशाच जिना चढून साहेबांकडे गेल्या. दार लोटून त्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की तुरतुरीबद्दल आपण बोललो ते खोटं होतं. माणसं तिच्याइतकी कुणालाच सांभाळता येत नाहीत, आपल्यालाही नाही. ती गेली तर आपली पंचाईत होईल म्हणून अडवलं.

साहेबांनी चष्मा काढला.

"मला तेव्हाच वाटलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"की तुम्हाला ती सोडवत नाहीये. म्हटलं, असू दे. तुमचा हॉल बंद पडला तर माझी झोप उडते. बाहेरून माणूस काय, मिळतो."

"मग तिला ते कारण का सांगितलंत?"

"काहीतरी कारण द्यावंच लागतं. तुमचंच वाक्य दिलं." त्यांनी चष्मा परत घातला. "आता तिकडची जागा भरली, ताई. त्या माणसाला मी काय म्हणून काढू? पुढे काही निघालं तर बघू. आणि एक सांगतो. पुढच्या वेळी तुम्ही कुणाबद्दल काही सांगाल, चांगलं किंवा वाईट, तर मी ते कसं धरायचं?"

साहेबांवर राग काढायला त्यांना आवडलं असतं, पण तो काढायला त्यांच्याकडे तोंडच नव्हतं. त्या खाली आल्या.

तुरतुरी कपड्यांच्या कोठीत टॉवेल रचत होती. कोठीत दोन्ही बाजूंना छतापर्यंत फळ्या, मध्ये एक माणूस जेमतेम वळेल एवढी वाट. ताईंनी दार ओढून घेतलं.

"तुला एक सांगायचंय. हात थांबव जरा."

"बोला ना, ऐकतेय," तुरतुरी म्हणाली आणि टॉवेल रचत राहिली.

ताईंनी सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत, मुलीचं नाव पुढे केलं नाही, बसचं कारण दिलं नाही. तुरतुरीचे हात मध्येच कधीतरी थांबले.

"म्हणजे साहेबांनी नाही, तुम्ही नको म्हटलंत."

"हो."

"आणि मी हसते, ते?"

"ते मी आयत्या वेळी बनवलं. तू विचारलंस आणि मला काही सुचलं नाही. खोटं होतं ते. अगदी खोटं."

तुरतुरीने हातातला टॉवेल फळीवर ठेवला. "घरी पण हसायची बंद झाले होते मी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "म्हटलं, सवय लावायची तर सगळीकडे लावावी. मुलगी विचारत होती, आई, तू माझ्यावर रागावलीस का? मी तिला सांगितलं, नाही गं, आई मोठी होतेय."

ताईंना रडू आलं. पण इथे रडलो तर ही आपलीच समजूत घालत बसेल, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"मी तुझ्यासाठी बोलते कुठेतरी," त्या कशाबशा म्हणाल्या. "आपले टॉवेल ज्या मोठ्या हॉटेलचे येतात, तिथल्या बाई माझ्या ओळखीच्या..."

"नको," तुरतुरी म्हणाली. "तुमच्या शब्दावर मला आता कुठे जायचं नाही, ताई. तुम्ही जा. मला एवढं संपवू द्या."

ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा ताईंनी सगळ्यांना जेवणाच्या सुट्टीत एकत्र बसवलं आणि तिची परवानगी विचारून हॉलला खरं सांगितलं. ती ताईंची लाडकी नव्हती, ताईंनी तिचं नुकसान केलं होतं. पैलवान नखं बघत बसला. करवतसुद्धा गप्प होती, आणि करवत गप्प बसली की काय समजायचं ते ताईंना समजलं. रविवारची पाळी तुरतुरीने स्वतःहून मागून घेतली.

नंतर एका सकाळी ताईंना फोन आला. एका वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाई बोलत होत्या. त्यांच्याकडे कपडे, बिछाने आणि ते काम करणारी माणसं बघायला कुणीतरी हवं होतं. तुरतुरीने तिथे अर्ज केला होता आणि आधी कुठे काम केलं ते सांगताना लाँड्रीचा नंबर देणं तिला भाग पडलं होतं.

"कामाचं ठीक आहे," पलीकडून बाई म्हणाल्या. "पण माणसं सांभाळेल का? आमच्याकडे चार डोकी चार दिशांना असतात."

ताईंनी डोळे मिटले. मोठमोठे शब्द वापरले असते तर त्यांचेच त्यांना पटले नसते. म्हणून त्यांनी लग्न लावायची ती थट्टा सांगितली. एकदा एका नव्या बाईने रुळावर चादर जाळली, तेव्हा तुरतुरीने दिवसभर तिच्याच शेजारी उभं राहून काम केलं पण जळक्या चादरीचा विषय काढला नाही, ते सांगितलं. "आणि हसते खूप," त्या शेवटी म्हणाल्या. "ते तिचं कामच समजा. त्यात कुणी हात घालू नये."

"एवढी चांगली आहे तर तुम्ही तिला वर का नाही आणलंत?"

"माझी चूक झाली," ताई म्हणाल्या. "तिची नाही."

तुरतुरीला नोकरी मिळाली. या फोनबद्दल ताई तिच्याशी बोलल्या नाहीत. जायच्या दिवशी हॉलमध्ये केक कापला, करवत रडली आणि रडल्याबद्दल पैलवानावरच खेकसली. तुरतुरी एकेकाला भेटत शेवटी ताईंपाशी आली.

"चादरीचं टोक कसं धरायचं ते तुम्ही शिकवलंत मला," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी माझे हात भाजले होते तर तुमचे हातमोजे काढून दिलेत. ते काही मी विसरणार नाही." तिने पर्स खांद्यावर नीट केली. "दुसरं मात्र विसरायचा प्रयत्न करतेय. जमेल की नाही माहीत नाही."

"नाही जमलं तरी चालेल," ताई म्हणाल्या.

तुरतुरी गेल्यावर हॉल कोसळला नाही. लंगडत चालला. ताई स्वतः पुन्हा रुळावर उभ्या राहू लागल्या. नव्या आलेल्या बायकांना शिकवताना त्या आता पूर्वी कधी न विचारलेलं विचारायच्या, "तुला पुढे काय करायचंय?" काहीजणी संशयाने बघायच्या आणि "काही नाही, इथेच बरं आहे" म्हणायच्या. हॉलमध्ये झालेलं त्यांच्याही कानावर आलेलं असे. ताई कुणाची पाठ थोपटायला गेल्या तर ते माणूस क्षणभर अंग चोरायचं. पूर्वी असं होत नसे.

पुढे नदीपलीकडचा तो बाहेरचा माणूस सोडून गेला. साहेब स्वतःच हॉलमध्ये आले आणि सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "ताई, तिकडे कुणाला पाठवू?"

तुरतुरी वृद्धाश्रमात रुळली होती, ती येणार नव्हती. साहेबांनी तिला विचारलंही होतं. ताईंनी इकडेतिकडे न बघता करवतीचं नाव सांगितलं. गेल्या काही महिन्यांत तिनेच नव्या बायकांना आपल्या पंखाखाली घेतलं होतं. शिव्या देत, पण घेतलं होतं. आता ती गेली की रुळापाशी ताईंना भरवशाचं म्हणावं असं जुनं माणूस उरत नव्हतं.

"तोंडाने फाटकी आहे," ताई म्हणाल्या. "पण तिच्या शेजारी उभं राहिलेलं एकही नवं माणूस काम सोडून गेलेलं नाही. माझं मी बघून घेईन."

साहेबांनी मान हलवली आणि ते निघून गेले. करवत हातातली चादर तशीच धरून ताईंकडे बघत राहिली. खूश झाली असेल, असं ताईंना वाटलं. पण तिने चादर शेजारणीच्या हातात दिली, हात पुसले आणि ती जिन्याकडे वळली. ती वर साहेबांना विचारायला चालली होती, ताईंनी मागे एकांतात आणखी काही सांगून ठेवलंय का.

ताईंना ते कळलं. पूर्वीच्या ताई दुखावल्या असत्या, हाक मारून म्हणाल्या असत्या, "माझ्यावर विश्वास नाही का?" त्यांनी हाक मारली नाही. रुळावरून पुढची चादर निघत होती आणि तिचं दुसरं टोक झेलायला कुणी नव्हतं. त्या करवतीच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.